एका सुरातला वर्ग

सुधारणा येणार, सुधारणा येणार असं वर्षभर चाललं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे तिच्याबद्दल असं बोलायचे, जशी काही लांबची एखादी मातब्बर आत्याच मुक्कामाला यायची आहे. तिला काय दाखवायचं, काय लपवायचं आणि ती राहणार किती दिवस, एवढीच काळजी. मुख्याध्यापकांनी भिंतींना रंग लावून घेतला. कवायतीचे सर म्हणाले, इतकी वर्षं सुधारलो नाही, आता निवृत्तीच्या तोंडावर कुठं सुधारायला लावता. चित्रकलेच्या सरांचा हिशेब असा, की सुधारणा देशभराची आहे, म्हणजे आपल्या शाळेपर्यंत येईस्तोवर दमून जाईल. सगळे हसले. चौथीच्या बाईही हसल्या. पण चहा अर्धाच ठेवून उठल्या, ते कुणी पाहिलं नाही.

कारण आदल्या दिवशी आलेलं परिपत्रक त्यांनी नीट वाचलं होतं. त्यात गोड गोड गोष्टी पुष्कळ होत्या, पण मधेच एक ओळ होती: एकसुरी सामूहिक पाठांतर यापुढे बंद. म्हणजे पाढे बंद. आणि खाली असंही होतं, की प्रत्येक शिक्षकानं नव्या पद्धतीचा एक धडा तपासणी अधिकाऱ्यांसमोर घेऊन दाखवावा. ज्यांना जमणार नाही त्यांना वर्गावरून काढून पुस्तकांच्या गोदामात नेमणूक मिळेल. पगार तोच राहील. हे 'पगार तोच' बाईंना सगळ्यात जास्त लागलं. जशा काही त्या इतकी वर्षं पगारासाठीच सकाळच्या धावतपळत येत होत्या.

त्यांना वर्ग हवा होता, बाकी काही नको होतं. नोकरीची थोडी वर्षं उरली होती, ती चौथीतच संपावीत. गोदामात गठ्ठ्यांवरची धूळ झटकत नव्हे.

आता पाढ्यांचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं ते रस्त्यावरून ऐकलेले नसणार. बाई स्वतः याच शाळेत शिकल्या. याच वर्गात, खिडकीखालच्या बाकावर. तेव्हाचे गुरुजी उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम खडूची पूड. पहिली घंटा झाली की सगळी पोरं उभी राहायची, गुरुजी नुसती भुवई उचलायचे, आणि बे एके बे सुरू. दोनाच्या पाढ्यात झोप असायची, पाचाच्या पाढ्यात मजा, आणि बाराच्या पुढे गेलं की गाडी घाटाला लागल्यासारखी आवाजाला धाप लागायची. सोळाचा पाढा संपला की सगळा वर्ग एकदम थांबायचा. त्यानंतरची जी शांतता असायची, तिच्यासारखं सुख बाईंना पुढं आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालं. लहानपणी घरी कुरबुरी फार होत्या. वडील बोलले की आई गप्प, आई बोलली की वडील घराबाहेर. एका सुरात काही चालायचं ते फक्त इथं. त्या आवाजात उभं राहिलं की एकटं वाटायचं नाही, हे त्या वयात सांगता आलं नसतं, पण कळत होतं.

पुढं त्याच वर्गावर त्या शिक्षिका म्हणून आल्या, आणि पहिल्या दिवशी त्यांनी भुवई उचलली तेव्हा गुरुजींची आठवण येऊन त्यांना रडूच कोसळणार होतं. शाळेसमोर एका तरुण शिंप्याचं दुकान होतं. त्याचं मशीन पाढ्यांच्या ठेक्यावर चालायचं. सगळ्या गल्लीत तेव्हा चेष्टा होती, की याच्याकडे सदरा टाकायचा तर सकाळी टाकावा, शिलाई सरळ येते. काही महिन्यांनी त्या शिंप्यानं बाईंना लग्नाचं विचारलं, आणि विचारताना म्हणाला, की वर्गावर कुणीतरी नवं आलंय हे मला तोंड बघायच्या आधी पाढ्यांवरून कळलं. अशा माणसाला नाही म्हणणं शक्य नव्हतं. अजूनही दुकान तिथंच आहे, नवरा तोच आहे, आणि सगळी गल्ली म्हणते म्हणून तोही त्यांना बाईच म्हणतो.

त्या रात्री जेवताना बाईंनी त्याला परिपत्रकाचं सांगितलं. त्यानं ताटावरून मान वर केली नाही. बराच वेळ घास चावत राहिला आणि मग म्हणाला, की मशीनला आता रेडिओ लावावा लागणार. बाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले.

शाळेत एक नवे सर होते. वयानं बाईंच्या मुलासारखे, उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. सुधारणेचं प्रशिक्षण घेऊन आलेले तेवढे तेच, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांना जावयासारखं वागवलं जाई. म्हणजे समोर मान आणि पाठीमागे हसू. पण माणूस मनानं चांगला. त्यांनी आपण होऊन बाईंना धडा बसवून द्यायचं कबूल केलं. पाढा शिकवायचा नाही, पाढा मुलांना सापडू द्यायचा, असं त्यांनी समजावलं. मुलांना गोल बसवायचं, मधे बटणं ओतायची, सारखे ढीग करायला लावायचे आणि विचारायचं, तुम्हाला काय दिसतं. मग विचारायचं, कुणाला वेगळं वाटतं का. आणि मग गप्प बसायचं.

"गप्प किती वेळ बसायचं?" बाईंनी विचारलं.

"मुलं बोलेपर्यंत, बाई."

"आणि काहीच्या बाहीच बोलली तर?"

नवे सर म्हणाले, तर तेही ऐकायचं. बाईंनी मान डोलावली. चौथीचा वर्ग काहीच्या बाही बोलायला लागला तर कुठवर जातो, हे नव्या सरांना अजून माहीत नव्हतं.

बटणं नवऱ्याच्या दुकानातून आली. बाकं भिंतीला लावून मुलांना गोल बसवलं, तेव्हा बाईंनी त्यांनाच विचारून बघितलं, ही सुधारणा कशी वाटते. मुलांना ती बाईंपेक्षा जास्त माहीत होती. लांब्या म्हणून एक उंच मुलगा होता, त्याच्या आईला सुधारणा मुळीच आवडलेली नव्हती, कारण परीक्षा नसेल तर शेजारच्या मुलापेक्षा आपला पुढे आहे हे कळायचं कसं. एकाला वाटत होतं की सुधारणा म्हणजे गृहपाठ कमी, आणि ती कुणी आणली त्याचं भलं होवो. वर्गाची मॉनिटर, जिला सगळे ठसकी म्हणायचे, तिला गोल बसणं आवडलं होतं. ती म्हणाली, की आधी पुढच्यांच्या नुसत्या माना दिसायच्या, आता तोंडं दिसतात. बाईंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्यांना मात्र आपल्या वर्गाच्या त्या ओळीनं उभ्या राहिलेल्या माना आठवल्या आणि गलबलून आलं.

आणि एक होती, तिचं वर्गात कुणी नाव घ्यायचं नाही, कारण घ्यायची वेळच यायची नाही. बाई तिला गुणाची म्हणायच्या. कधी भांडण नाही, बडबड नाही, वही फाटलेली नाही, पाढ्यांच्या वेळी अगदी ताठ उभी. पालकसभेत तिच्या आईला बाईंनी सांगितलं होतं, की तुमच्या मुलीबद्दल माझी काही तक्रारच नाही. त्यापलीकडे तिच्याबद्दल काही सांगता आलं नव्हतं.

मग बाईंनी जे केलं, ते चाळीस मुलं सांभाळलेली कुठलीही बाई करील. त्यांना धडा उघड्यावर सोडायचा धीर झाला नाही. त्यांनी तो बसवला. कुणाला काय सापडायचं हे ठरवून दिलं. ठसकीनं सगळ्यात आधी हात वर करून म्हणायचं, "बाई, मला असं दिसतं, की सातचे तीन ढीग म्हणजे एकवीस." लांब्यानं दुसऱ्या प्रश्नाला मुद्दाम चुकून एकोणतीस म्हणायचं. त्याच्या शेजाऱ्यानं प्रेमानं म्हणायचं, "मला जरा वेगळं वाटतं." आणि बाईंनी 'कुणाला वेगळं वाटतं' विचारलं, की सगळ्यांनी हात वर करायचे, कारण नव्या पद्धतीत सगळ्यांना वेगळं वाटलेलं चालतं. रोज सकाळी पाढ्यांच्या वेळेला तालीम व्हायला लागली. मुलं हुशार होती, आणि पाठांतराची त्यांना सवयच होती. चार-सहा दिवसांत आपलं स्वतःचं मत सगळ्या वर्गाला तोंडपाठ झालं. लांब्याची चूक सुद्धा इतकी चोख बसली, की त्याला बरोबर उत्तर आठवेना.

नवे सर एकदा दारातून ऐकत उभे राहिले. काहीतरी बोलायला आले होते, पण बाईंच्या तोंडावरचा आनंद बघून तसेच परत गेले.

तपासणी अधिकारी आले तो दिवस ढगाळ होता. साहेब म्हणजे कुणी दांडगा माणूस असेल असं मुलांना वाटलं होतं. आला तो एक थकलेला, चष्म्यावर वाफ धरलेला माणूस, हातात बॅग आणि बुटांना चिखल. त्यानं खाली मांडीच घातली, गोलात, लांब्या आणि ठसकीच्या मधे. बाईंना ते तालमीत नव्हतं.

सुरुवात बरी झाली. बटणं ओतली. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय दिसतं. ठसकीचा हात वर गेला आणि एकवीस सापडले. साहेब हसले. बाईंच्या जिवात जीव आला. आणि मग साहेबांनी, बिचाऱ्यांनी अगदी सहज, मधेच विचारलं, "ही बटणं कुणी आणली?"

हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला दिलेला नव्हता. वर्ग क्षणभर गोंधळला. मग लांब्यानं विचार केला असणार, की हा दुसरा प्रश्न, म्हणजे आपला. तो उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "एकोणतीस."

त्याचा शेजारी लगेच प्रेमानं म्हणाला, "मला जरा वेगळं वाटतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "अच्छा," ते म्हणाले, "आणखी कुणाला वेगळं वाटतं?"

झालं. सगळ्या वर्गाचे हात एका झटक्यात वर गेले. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. कवायतीच्या सरांनी बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. आणि हात वर गेल्याबरोबर वर्ग एका सुरात म्हणाला, "आम्हाला सगळ्यांना वेगळं वाटतं." दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

बाईंना आपले कान तापलेले जाणवत होते. गोदामातला अंधार, गठ्ठ्यांना बांधलेली सुतळी, सगळं त्यांना आत्ताच दिसायला लागलं. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ते एकसुरी वाक्य ऐकताना, तेवढ्याही घाबरलेल्या अवस्थेत, त्यांना क्षणभर फार छान वाटलं होतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी बटणं हातानं बाजूला सारली आणि म्हणाले, की आता धडा राहू दे. मीही लहानपणी पाढे असेच म्हटले, जिना चढताना अजून मनात म्हणतो. मला ते बंद झाल्याचं वाईटच वाटतं. पण तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. पाढे एकत्र म्हणायचे होते ते बरं होतं, की हे? मग त्यांनी नेमकं त्या मुलीकडे बघितलं, जिला बाईंनी धड्यात काहीच काम दिलं नव्हतं, कारण ती आहे तशी ठीक होती.

गुणाची उठून उभी राहिली. आधी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, म्हणजे सांग, पाढे बरे होते म्हणून सांग. एवढी एकच गोष्ट आता आपल्याला वाचवू शकली असती, असं बाईंना वाटलं. आणि ही पोर कधी वावगं बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"हे बरं आहे," गुणाची म्हणाली. आवाज इतका बारीक, की सगळ्यांनी माना पुढे काढल्या. "एकत्र म्हणताना मी नुसते ओठ हलवते. मला सातचा पाढा येत नाही. आठचा पण नाही. बाईंना कळत नाही."

बाहेर शिंप्याचं मशीन चाललं होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

साहेबांनी विचारलं, की मग बाईंना सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, बाईंना पाढे फार आवडतात म्हणून. एवढं बोलून ती खाली बसली आणि फ्रॉकची शिवण सारखी करत राहिली.

पुढचं मुख्याध्यापकांच्या खोलीत, साहेबांसमोर झालं. बाई दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शिक्षा ऐकायला बसावं तशा. साहेब म्हणाले, की धडा पाठ केलेला होता हे तर लगेचच कळलं. या महिन्यात अशा पाठ केलेल्या कितीतरी सुधारणा बघून झाल्यात, आता चेहऱ्यावरून ओळखता येतात. मुख्याध्यापक घाईघाईनं खोकले. "पण बाई," साहेब म्हणाले, "आपल्या शिक्षिकेसमोर उभं राहून असं सांगायचं बळ एखाद्या पोरीला येतं, ते पाठ करून घेता येत नाही. ते तुमच्याच वर्गात आलंय. तुम्ही वर्गावरच राहा." आणि त्यांनी सही केली.

बातमी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या आधी पोचली. कवायतीच्या सरांनी चहा मागवला. चित्रकलेचे सर म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं, दमूनच आली. नवे सर लाजून लाजून अभिनंदन करून गेले. सगळ्यांना आपापल्या परीनं आनंद झाला होता, आणि ज्यांच्यासाठी झाला होता त्यांना होत नव्हता. जे मागितलं ते पदरात पडलं होतं. बाईंना मात्र वाटत होतं, की आपल्या घरातलं कुणीतरी गेलंय आणि लोक आनंदानं चहा पिताहेत.

त्या चहा न पिताच वर्गात गेल्या. मुलं अजून गोलातच होती, बटणांवरून भांडत. बाईंना बघून गप्प झाली. कुणालातरी ओरडा बसणार, हे ती समजून होती, आणि कुणाला ते सगळ्यांना माहीत होतं. गुणाचीच्या दोन्ही बाजूला थोडी थोडी जागा मोकळी झाली होती.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. या वर्गात त्या कितीतरी वर्षांनी इतक्या खालून बघत होत्या, आणि ठसकी म्हणाली होती ते खरं होतं, तोंडं दिसत होती. त्यांनी विचारलं, "अजून कोण कोण नुसते ओठ हलवतं? मी रागावणार नाही. खरंच नाही."

बाईंना गप्प बसायचं होतं, मुलं बोलेपर्यंत. ते फार अवघड गेलं. मग मागच्या बाजूला एक हात कोपरापर्यंत वर आला. मग भिंतीजवळ एक. मग लांब्याचा. मधेच कुणीतरी शेजाऱ्याकडे बघून वर केलेला हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला. एक आत्ता, एक जरा वेळानं, कुणाची फक्त बोटं. या वर्गाचे हात असे वेगवेगळे वर गेलेले बाईंनी कधी बघितले नव्हते. शेवटी, नाइलाज झाल्यासारखा, ठसकीचासुद्धा गेला. तिनं सांगून टाकलं, की तेराच्या पुढे तिला काही येत नाही.

बाईंना भुवई उचललेल्या गुरुजींचा चेहरा आठवला, खिडकीखालचं बाक आठवलं, आणि ज्या आवाजाच्या आधारावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या तो आवाज आठवला. "मग इतका मोठा आवाज कुणाचा यायचा?" त्यांनी विचारलं. मुलांना नाही, स्वतःलाच विचारलं होतं.

पण ठसकीला वाटलं तिलाच विचारलं. "तुमचा, बाई," ती म्हणाली. "तुम्ही खूप मोठ्यानं म्हणता. म्हणून कळायचं नाही."

बाई सरकत सरकत गुणाचीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन बसल्या, आणि तिला म्हणाल्या, "म्हण बघू सातचा. येईल तेवढाच. तू एकटी."

ती म्हणायला लागली. सात एके सात. सात दुणे चौदा. आवाज कापत होता आणि त्याला ठेका नव्हता. त्यावर कुणाचं मशीन चाललं नसतं. सात त्रिक एकवीस बटणांमुळे पटकन आलं. सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात सक म्हणून ती थांबली. वर्ग थांबला. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाईंचे ओठ हलले. पण आवाज त्यांनी येऊ दिला नाही.